गाडगेबाबांचा झाडू सगळ्यांना आठवतो, पण त्यांचा पैशांचा हिशेब किती जणांना माहीत आहे?

गाडगेबाबा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? अंगावर चिंध्यांचं कापड, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर गाडगं आणि हातात खराटा. शाळेत असताना आपण हेच चित्र पाहिलं. पुढे राज्य सरकारनं त्यांच्या नावानं ग्राम स्वच्छता अभियान सुरू केलं आणि गाडगेबाबा म्हणजे स्वच्छता, हे समीकरण पक्कं झालं.

पण या माणसानं गावोगाव कीर्तनातून आणखी एक गोष्ट आयुष्यभर सांगितली. गरीब घरात आलेला पैसा कुठून गळतो आणि तो कसा अडवायचा, ही ती गोष्ट. बचतीवरचं एकही पुस्तक त्यांनी वाचलं नव्हतं, कारण त्यांना वाचताच येत नव्हतं. त्यांना हा हिशेब शिकवला तो दोन घरांनी. एक त्यांच्या वडिलांचं, दुसरं मामाचं. दोन्ही घरं त्यांच्या डोळ्यांदेखत बसली.

दर्यापूरचा टापू आणि वर्षातून एकदा येणारा पैसा

मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी शकुंतला रेल्वे अनेकांना आठवत असेल. दर्यापूर, अंजनगाव करत ही नॅरोगेज गाडी रमतगमत जायची. इंग्रजी अमलात ही लाइन टाकली गेली ती वऱ्हाडातला कापूस बाहेर काढण्यासाठी. याच मुलखात, आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेणगाव म्हणजे शेंडगावात, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूचा जन्म झाला. त्या काळी अंजनगाव दर्यापूर तालुक्यातच मोडायचं. डेबूचं पूर्ण नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील झिंगराजी, आई सखुबाई, जात परीट.

या भागाचं अर्थकारण समजून घेतलं नाही, तर गाडगेबाबांची काटकसर समजत नाही.

दर्यापूर हे पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतं. जमीन काळीभोर, पण जमिनीखालचं पाणी खारट. विहीर खणली तरी त्या पाण्यावर धड ओलीत होत नाही. त्यामुळे शेती पावसावर. मृगात पेरायचं, दिवाळीच्या पुढेमागे वेचणी सुरू करायची आणि कापूस विकला की वर्षाचा पैसा एकदमच हातात यायचा. बाकीचे महिने घरात रोकड नाही.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्यानं ज्वारी कमी करून कपाशी वाढवली. ज्वारी घरात खाता येते, कापूस खाता येत नाही. कापूस विकून आलेल्या पैशांतून धान्य विकत घ्यायचं आणि पैसा संपला की सावकाराकडे जायचं, असं चक्र सुरू झालं. युद्ध संपलं, भाव पडले, चक्र मात्र थांबलं नाही.

डेबूच्या जन्माच्या एकच वर्ष आधी, १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले होते. ते लोण पुणे-नगर भागात पसरलं आणि इंग्रज सरकारला १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हता, त्यामुळे त्या कायद्याचा आधार इकडच्या शेतकऱ्याला नव्हता. इथं सावकाराची वही हाच कायदा होता.

पहिलं घर दारूत गेलं

झिंगराजी काही जन्मजात कंगाल नव्हते. घर होतं, शेतीभाती होती. मग दारूची सवय लागली. सणाला, देवकार्याला, पाहुणा आला म्हणून, अशी निमित्तं निघत गेली. त्या काळी अनेक जातींमध्ये बारसं असो की देवाचा नवस, बकरं आणि दारू यांशिवाय कार्य पार पडलं असं मानत नसत. पाजली नाही तर चारचौघांत नाव जायचं.

शरीर गेलं आणि त्याच्या आधी चीजवस्तू गेली. डेबू साधारण आठ वर्षांचा असताना झिंगराजी वारले. सखुबाईंच्या हातात एक लेकरू राहिलं, बाकी काही नाही. त्या पोराला घेऊन माहेरी आल्या. मूर्तिजापूर तालुक्यातलं दापुरे हे ते गाव.

दापुऱ्यात आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान यांचं चांगलं चाललेलं शेतकरी घर होतं. डेबू तिथं गुरं राखायला लागला. थोडा मोठा झाल्यावर नांगर, वखर, पेरणी सगळं शिकला. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नाही. अंगात मात्र कामाची विलक्षण उमेद होती. भल्या पहाटे गोठा साफ करण्यापासून त्याचा दिवस सुरू व्हायचा. पुढं महाराष्ट्रानं जो खराटा पाहिला, त्याची सवय या गोठ्यातली.

१८९२ मध्ये त्याचं लग्न झालं. बायकोचं नाव कुंताबाई.

दुसरं घर अंगठ्यानं गेलं

मामाच्या घरात दारू नव्हती. कष्ट होते, जमीन होती, गावात पत होती. तरीही ते घर कर्जात गेलं. गाडगेबाबांच्या पुढच्या सगळ्या बोलण्याची मुळं इथं आहेत, म्हणून हे जरा नीट पाहू.

मामा सावकाराशी व्यवहार करत होता तो विश्वासावर. किती घेतले, किती फेडले, व्याज किती लागलं, हे सगळं सावकाराच्या वहीत. मामाच्या हातात कागद नाही, आणि असता तरी वाचता आला नसता. जिथं सांगितलं तिथं अंगठा उठवायचा. एक दिवस हिशेब निघाला तेव्हा जमीन सावकाराची झालेली होती.

आकडे कसे पळतात ते उदाहरणादाखल पाहा. शेकडा महिना दोन रुपये हा दर ऐकायला किरकोळ वाटतो. शंभर रुपये घेतले तर वर्षाचे चोवीस रुपये व्याज. पण ते दिलं नाही आणि दरवर्षी मुद्दलात मिळवलं, तर पहिल्या वर्षाअखेर १२४, दुसऱ्या वर्षी सुमारे १५४, तिसऱ्या वर्षी १९१ आणि चौथ्या वर्षी २३६ रुपये होतात. म्हणजे चार वर्षांत दुपटीहून जास्त. मधे एखादं साल पावसानं मारलं की माणूस संपला. आणि हा हिशेब प्रामाणिक सावकाराचा झाला. वहीत एक शून्य वाढवणारा असेल, तर बोलायलाच नको.

सावकाराची माणसं जमिनीचा ताबा घ्यायला आली तेव्हा तरुण डेबू शेतात आडवा उभा राहिला आणि त्यानं त्यांना हुसकावून लावलं, हा प्रसंग त्यांच्या चरित्रांत आवर्जून येतो. गावात कुणी सावकारापुढं ब्र काढत नसे, तिथं एका परटाच्या पोरानं नांगर अडवला. डेबूची जिगर त्यात दिसतेच. पण त्याहून मोठी गोष्ट त्याच्या मनात पक्की झाली. शेतात दांडका घेऊन उभं राहणं हा शेवटचा उपाय आहे. जमीन त्याच्या खूप आधी गेलेली असते, ज्या दिवशी न वाचलेल्या कागदावर अंगठा उठतो त्या दिवशी.

वडिलांचं घर व्यसनानं गेलं आणि मामाचं कर्ज व निरक्षरपणानं. पुढच्या पन्नास वर्षांच्या कीर्तनांत त्यांनी या तीन गोष्टी कधी सुटू दिल्या नाहीत.

बारशाची पंगत

बदल त्यांनी आधी स्वतःच्या घरात केला. पहिली मुलगी अलोका झाली. बारसं आलं. रीतीप्रमाणे भाऊबंदांना मटण आणि दारू द्यायला हवी होती. डेबूनं ते केलं नाही. साधं गोडाधोडाचं जेवण घातलं.

आज हे वाचताना यात काय मोठं, असं वाटेल. पण त्या काळात जातीची पंगत म्हणजे त्या माणसाची पत. पंगत नाराज झाली तर उद्या पोरीच्या लग्नाला कोण येणार, मयताला खांदा कोण देणार, ही भीती खरी होती. कुरकुर झाली, नावं ठेवली गेली. डेबू बधला नाही.

बचतीच्या दृष्टीनं हा प्रसंग फार महत्त्वाचा आहे. कमी पैसे खर्च करणं अवघड नसतं. लोक काय म्हणतील, हे सहन करणं अवघड असतं. गरीब माणसाचे मोठे खर्च रोजच्या भाकरीवर होत नव्हते. बारसं, लग्न, तेरवी, नवस आणि यात्रा, अशा चारचौघांसमोरच्या खर्चांवर होत होते. भाकरीतून दोन घास कमी करून फार काही उरत नाही, पण एका लग्नाचं कर्ज टळलं तर शेत वाचतं. डेबूनं नेमका तिथं हात घातला.

ऋणमोचनची यात्रा

दर्यापूर-मूर्तिजापूरच्या या टापूतच पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचं ठिकाण आहे. इथं मुद्गलेश्वराचं देवस्थान असून पौष महिन्यातल्या रविवारी मोठी यात्रा भरते. नावाचा अर्थ स्पष्ट आहे. ऋणातून सोडवणारं स्थान. इथं स्नान केलं की ऋण फिटतं, ही लोकांची श्रद्धा.

यात्रेचा महिना पाहा. पौष म्हणजे डिसेंबर-जानेवारी. कापूस विकून झालेला, घरात वर्षाचा पैसा आलेला. त्याच वेळी यात्रा, बाजार, नवस आणि पुढं लग्नसराई. म्हणजे पैसा येण्याचा आणि जाण्याचा हंगाम एकच.

डेबू या यात्रेला जायचा आणि भाविकांच्या सोयीसाठी राबायचा. नदीचा उतार निसरडा, काळ्या मातीचा चिखल. बायाबापड्या घसरून पडायच्या. तो माती ओढायचा, वाट नीट करायचा, घाण उचलायचा. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडलं, त्यानंतर त्यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे ऋणमोचनचा घाट. लोकांनी पैसा दिला आणि दगडाच्या पायऱ्या झाल्या.

ऋण फेडायला नदीत डुबकी मारणाऱ्या लोकांसाठी त्यांनी घाट बांधला, आणि कीर्तनात त्याच लोकांना सांगितलं की पाण्यानं अंगाचा मळ जातो, सावकाराच्या वहीतला आकडा जात नाही. तो कष्टानं फेडावा लागतो, आणि मुळात घेऊच नये. श्रद्धेची टिंगल न करता त्यांनी हिशेब मांडला, म्हणून लोकांनी ऐकून घेतलं.

घर सोडण्याची किंमत

इथं एक अवघड प्रश्न येतो. संसार नेटका करा, असं जन्मभर सांगणाऱ्या माणसानं स्वतःचा संसार वाऱ्यावर सोडला, त्याचं काय?

डेबूनं घर सोडलं तेव्हा मागे म्हातारी आई होती, बायको होती, लहान लेकरं होती. शेतात राबणारा तोच एक मुख्य हात होता. सखुबाईंनी नवऱ्यामागे पोराला वाढवलं, आणि तोही निघून गेला. कुंताबाईंनी पुढची सारी वर्षं कष्टात काढली. नवऱ्याच्या नावाचा जयजयकार महाराष्ट्रभर होत असताना त्यांच्या वाट्याला झोपडीतलं जिणं आलं. गाडगेबाबांचं मोठेपण सांगताना ही बाजू झाकून चालत नाही.

गाडगेबाबांनी स्वतः मात्र यात सवलत घेतली नाही. संस्था उभ्या राहिल्या, हातातून मोठमोठ्या रकमा गेल्या, तरी त्या पैशांवर घरच्यांचा हक्क त्यांनी मानला नाही. नातेवाइकांना संस्थांच्या मालमत्तेवर वारसा सांगता येऊ नये, याबद्दल ते कमालीचे कडक होते. लोकांनी घामाचा पैसा ज्या कामासाठी दिला त्याच कामाला तो लागला पाहिजे, यात त्यांनी बायको-मुलांचीही गय केली नाही. हा कडकपणा बरोबर की चूक, यावर दोन मतं असू शकतात. पण देणगीच्या पैशाला हात न लावण्याची शिस्त किती दूरपर्यंत नेता येते, याचं हे उदाहरण आहे.

एक गाडगं आणि दहा कामं

घर सोडल्यावर त्यांच्याजवळ जे होतं ते मोजता येईल इतकंच. फाटक्या कपड्यांच्या तुकड्यांचं अंगावरचं पांघरूण, हातात काठी किंवा खराटा आणि एक मातीचं गाडगं. उन्हात ते डोक्यावर टोपीसारखं. भूक लागली की त्यातच भाकरी आणि कालवण. तहान लागली की त्यातच पाणी. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणायचे, शेवटी गाडगेबाबा हेच नाव राहिलं.

गावात शिरलं की आधी रस्ता झाडायचा, गटार मोकळं करायचं, आणि मग कुणाच्या तरी दारात जाऊन भाकरी मागायची. काम न करता खायचं नाही, हा नियम. भाकरीही साधी. झुणका किंवा चटणी असली तरी पुरे. पंचपक्वान्नांचं ताट कुणी पुढं केलं तर ते नको म्हणायचे. पाया पडायला आलेल्यांना पाया पडू देत नसत.

ही गरिबी ओढवून घेतलेली होती आणि ती सगळ्यांनी अशीच जगावी, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. चिंध्या पांघरा, असं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. स्वच्छ धुतलेले कपडे घाला, पण उधारीवर आणू नका, एवढंच मागणं होतं. जो माणूस स्वतः शून्य खर्चात जगून दाखवतो, त्यानं लग्नातला बँडबाजा कमी करा असं सांगितलं, तर ऐकणाऱ्याला राग येत नाही.

कीर्तनात मांडलेलं घरखर्चाचं गणित

गाडगेबाबांचं कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरं असायची. अस्सल वऱ्हाडी बोली, समोर हजारोंचा जमाव. बाबा विचारणार, लोक एका सुरात उत्तर देणार. कर्ज काढून लग्न केलं की पुढं काय होतं, हे ते लोकांच्याच तोंडून वदवून घ्यायचे. आधी भांडी जातात, मग बैल, मग शेत, आणि ज्याच्या लग्नासाठी कर्ज काढलं तोच पोरगा सावकाराच्या घरी सालगडी होतो. लोक हसायचे आणि हसता हसता गप्प व्हायचे, कारण जमावातल्या कित्येकांच्या घरची ती गोष्ट असायची.

त्यांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलेल्या गोष्टी एकत्र केल्या, तर घरखर्चाचा एक क्रमच तयार होतो.

सगळ्यात आधी, कर्ज नको. हौसेसाठी, मानपानासाठी, देवासाठी तर मुळीच नको. लग्न ऐपतीत करा, जमेल तेवढ्या माणसांत करा.

दुसरं, व्यसन बंद. दारूचा खर्च रोज थोडा थोडा दिसतो म्हणून जाणवत नाही. महिन्याची बेरीज केली की कळतं.

तिसरं, नवसाला बकरं नको. देवाच्या नावावर मुक्या जनावराचा जीव घ्यायचा आणि वर उसनवारी करायची, हे त्यांना दोन्ही बाजूंनी चूक वाटायचं. त्यांच्या कीर्तनांनंतर अनेक यात्रांमध्ये पशुहत्या बंद झाली.

चौथं, दिखाव्यात काटछाट. कपडा कमी किमतीचा घ्या, पाहुण्याला जे घरात शिजलं तेच वाढा, जेवायला धातूचं ताट नसेल तर हातावर भाकरी घ्या.

आणि पाचवी गोष्ट या सगळ्यांचा उद्देश सांगणारी. असा वाचलेला पैसा पोरांच्या शिक्षणाला लावा. भांडी विकावी लागली तरी चालेल, पण लेकराला शाळेतून काढू नका.

हा शेवटचा मुद्दा त्यांना साध्या काटकसर सांगणाऱ्यांपासून वेगळा करतो. पैसा गाडग्यात पुरून ठेवायला त्यांनी कधी सांगितलं नाही. मामाची जमीन का गेली, तर वही वाचता आली नाही म्हणून. पोरगा शिकला तर पुढचा सावकार त्याला फसवू शकणार नाही. शाळेत घातलेला पैसा ही त्यांच्या मते घरातली सगळ्यात पक्की बचत होती, कारण ती कुणाला जप्त करता येत नाही.

लोकांच्या पैशांचं काय केलं?

कीर्तनानंतर लोक पैसे द्यायचे. व्यापारी, अधिकारी, संस्थानिकही द्यायचे. बाबा स्वतःजवळ ठेवत नसत. त्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापूरला गोरक्षणाचं काम उभं राहिलं. अंध-अपंगांसाठी सदावर्तं चालू झाली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा झाली.

या कामांची निवड पाहिली की पुन्हा तोच हिशेब दिसतो. गरीब माणूस वारीला किंवा यात्रेला गेला की मुक्कामाला पैसे लागतात. घरातलं माणूस आजारी पडून मुंबईला न्यावं लागलं, तर औषधापेक्षा नातेवाइकांच्या राहण्याखाण्याचा खर्च घर मोडतो. अशा वेळी माणूस उधळपट्टी म्हणून कर्ज काढत नाही, त्याला पर्याय नसतो. तिथं डोक्यावर छप्पर मिळालं तर एक कर्ज टळतं.

पंढरपुरात त्यांनी चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली, कारण अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना इतरत्र थारा नव्हता. ही वास्तू त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. कर्मवीर भाऊराव पाटलांशीही त्यांचा जिव्हाळा होता. रयत शिक्षण संस्थेनं १९५४ मध्ये कराडला सुरू केलेल्या महाविद्यालयाला गाडगे महाराजांचं नाव आहे. शाळेत एक दिवसही न बसलेल्या माणसाचं नाव महाविद्यालयाला आणि पुढं अमरावतीच्या विद्यापीठालाही लागलं.

सगळ्या संस्थांचा कारभार नीट चालावा म्हणून १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. जमाखर्च, पावत्या, विश्वस्त, सगळं कागदावर. मामाच्या व्यवहारात जे नव्हतं ते सगळं इथं होतं.

काटकसर पुरेशी होती का?

नाही. आणि हेही सांगायला हवं.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या सालांत मोठे दुष्काळ पडले. दुसरा छप्पनचा दुष्काळ म्हणून लोकांच्या बोलण्यात राहिला. अशा सालात ज्याच्या घरात दाणाच नाही, त्यानं लग्नाचा खर्च कमी केला म्हणून काय फरक पडणार होता? बी-बियाणं, बैल, औषधपाणी यांसाठी कर्ज लागतंच. त्याला काटकसरीचं भाषण पुरत नाही, रास्त व्याजाचं कर्ज आणि कायद्याचं संरक्षण लागतं.

ते हळूहळू आलं. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्ये झाला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात कर्ज तडजोडीचा कायदा १९३३ मध्ये आणि सावकारीवर नियंत्रण आणणारा कायदा १९३४ मध्ये झाला. गाडगेबाबांचं काम या कायद्यांच्या शेजारी ठेवून पाहायला हवं. कायदा सावकाराला आवर घालतो, पण हौसेच्या कर्जाला आवर घालत नाही. ते काम कीर्तनानं केलं.

पावसावर आपला ताबा नाही, कापसाच्या भावावर नाही. मानपानाच्या खर्चावर आहे. जे आपल्या हातात आहे तेवढं तरी सोडू नका, इतकाच त्यांचा दावा होता.

शेवटचा प्रवास

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचं कीर्तन झालं. ते ध्वनिमुद्रित झालं असल्यानं आजही ऐकायला मिळतं. शरीर थकलेलं, आवाज मात्र खणखणीत. तिथंही पोरांना शिकवण्याचा आग्रह आहेच.

६ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकर गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात गाडगेबाबांनी शेवटचा श्वास घेतला. ज्या वऱ्हाडातून निघाले होते तिथंच परत येऊन थांबले. अमरावतीत त्यांची समाधी आहे, आणि तो भाग आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

आज या हिशेबाचं काय?

दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यात आजही कपाशी, तूर, हरभरा हीच पिकं, आणि बहुतेक शेती पावसावरच. पैसा अजूनही हंगामात एकदम येतो. सावकाराच्या वहीची जागा काही ठिकाणी मोबाईलवरच्या कर्जाच्या ॲपनं आणि शून्य व्याजाच्या म्हणून दिलेल्या हप्त्यांनी घेतली आहे. अंगठा उठवायचा तसा आता स्क्रीनवर अंगठा लावायचा असतो, आणि अटी वाचणारे तेव्हाइतकेच कमी. लग्नाच्या हॉलचं भाडं, डीजे, आहेर यांचे आकडे तर आपल्याला माहीतच आहेत.

गाडगेबाबांच्या आयुष्यातून घरी न्यायचं असेल तर तीन साध्या गोष्टी नेता येतात. हंगामाचा पैसा घरात येईल त्याच दिवशी पोरांच्या शिक्षणाचा वाटा बाजूला काढायचा, उरलं तर ठेवू असं म्हणायचं नाही. कर्ज घ्यावंच लागलं तर हिशेबाची एक वही आपल्याकडे ठेवायची आणि प्रत्येक हप्त्याची पावती जपायची. आणि घरात कार्य निघालं की पाहुण्यांची यादी करण्याआधी, हे कार्य उसनवारीशिवाय किती माणसांत होईल, ते मांडायचं.

गाडगेबाबांनी हे शेंडगावात आणि दापुऱ्यात दोन घरं बसताना पाहून शिकून घेतलं होतं.